फडताळाचा वरचा कप्पा

२०१८ साल होतं. दिवाळीचा फराळ संपत आला होता. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या श्रवण ग्रंथालयात दिगंबर सातपुते डब्यातली शेवटची चकली मोडत मला म्हणाले, "बाई, तिसरं नाव घेताना तुमचा आवाज अर्धा सूर खाली गेला."

"काहीतरीच," मी म्हटलं.

"मला दिसत नाही, ऐकू येतं की. पुन्हा सांगा बघू. तीन प्रकल्प कुठले?"

"हार्बर, लिंडन आणि फडताळ."

"गेला खाली. आणि हे फडताळ काय? बाकीची दोन साहेबाची नावं आणि हे एकदम आपल्या स्वयंपाकघरातलं?"

"माझ्या धाकट्या बहिणीनं लिहिलंय ते. माणिकनं. पुण्याला असते. म्हणूनच सांगते, ही तपासणी दुसऱ्या कुणाला तरी द्या."

दिगंबर जन्मापासून अंध. जिल्ह्यातल्या अंध वाचकांसाठी लोकांच्या आवाजात पुस्तकं वाचून घ्यायची आणि ती घरपोच पाठवायची, हे काम त्यांनी कॅसेटच्या काळापासून चालवलं होतं. आता वाचकांना घरबसल्या पुस्तक शोधून ऐकता येईल अशी वेबसाइट हवी होती. पैसे नव्हते. त्यामुळे ज्याचा कोड उघडा असतो, जो कुणीही वाचावा, फुकट वापरावा, चूक दिसली तर लिहून कळवावी, असा एखादा तयार सांगाडा घेऊन त्यावर आपली साइट उभी करायची, असं ठरलं होतं. ग्रंथालयात कोड वाचता येणारी मी एकटीच, वय वर्षं सहासष्ट.

सांगाडा टाइपस्क्रिप्टमध्येच लिहिलेला हवा, हा माझा हट्ट होता. टाइपस्क्रिप्टमध्ये कुठल्या डब्यात काय ठेवायचं ते डब्यावर आधीच लिहावं लागतं. साखरेच्या डब्यात मीठ ओतायला गेलात तर लिहितानाच तुमचा हात धरते. माझ्यामागून जो कुणी येईल त्याला डबे हुंगत बसावं लागू नये, एवढाच हेतू.

"दुसरं आहे कोण?" दिगंबर म्हणाले. "आणि बहीण बहिणीचं जितकं कडक बघते तितकं सासूसुद्धा सुनेचं बघत नाही. तुम्हीच तपासा. फक्त तिघांनाही ग्रंथालयाच्या नावानं लिहा. तुमचं नाव कुठं येऊ देऊ नका. परीक्षा ती परीक्षा."

फडताळ म्हणताना माझा आवाज खाली जायचा, त्याला कारण होतं. आम्ही मंगळवार पेठेत दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. तिथं भिंतीत एक फडताळ होतं. त्याचा खालचा कप्पा माणिकचा, वरचा माझा. वरच्या कप्प्यात माझी शाई, माझी कंपासपेटी, पुढं माझी मुंबईहून आणलेली पंचकार्डं. कॉम्प्युटर शिकायला मुंबईला गेलेली आमच्या घरातली, आमच्या गल्लीतली मी पहिली मुलगी. पाच वर्षं नोकरी केली. मग आईला अर्धांगाचा झटका आला आणि मी परत आले. माणिक तेव्हा कॉलेजात होती. आईच्या कॉटशेजारी बसून मी तिला प्रोग्रॅम लिहायला शिकवलं, कॉम्प्युटर नसताना, कागदावर. जमेना की ती रडायची.

"रडू नकोस," मी सांगायची. "आधी काय व्हायला हवं होतं ते सांग. मग काय झालं ते. आणि तू काय केलंस ते सगळ्यांत शेवटी. तू उलटीकडून सुरुवात करतेस, मग आधी स्वतःलाच दोष देतेस आणि चूक राहते बाजूला."

पुढं ती पुण्याला गेली, तिथून बंगळूरला, तिथून परदेशात, आणि शेवटी परत पुण्याला. मी एका सहकारी संस्थेच्या कॉम्प्युटर विभागात पगारपत्रकं काढत निवृत्त झाले. आईकडे कुणी आलं की आई तोंड वाकडं झालेलं असतानाही म्हणायची, "आमची माणिक परदेशात असते हं." मी तिला भरवत असायची तेव्हा.

आणि तिनं आपल्या प्रकल्पाला नाव दिलं ते आमच्या फडताळाचं. जगभरची माणसं ते वापरत होती. ळ त्यांना म्हणता येत नव्हता, पण वापरत होती.

तपासणी मी माझ्या पद्धतीनं सुरू केली. तिन्ही सांगाड्यांवर एकच लहानसं पान बांधलं: पुस्तकांची यादी, शोधायची जागा, ऐकायचं बटण. मग दिगंबर माउसला हात न लावता नुसत्या कीबोर्डवर ते चालवून बघायचे, आणि स्क्रीनवर काय आहे ते सांगणारा यांत्रिक आवाज खोलीभर घुमायचा.

हार्बर एका बड्या कंपनीचा. दिसायला देखणा. दिगंबरांनी कळ दाबली तर आवाज म्हणाला, "बटण. बटण. बटण. बटण."

"हे म्हणजे लग्नाच्या पंगतीत 'अहो, अहो' म्हणून हाक मारल्यासारखं झालं," दिगंबर म्हणाले. "कुणाला म्हणताय ते तरी सांगा."

लिंडन युरोपातल्या हौशी मंडळींचा. तो बटणांची नावं सांगायचा, पण पुस्तकांची यादी मध्येच उडी मारायची.

फडताळ उघडलं आणि दिगंबर सावकाश मागं टेकून बसले. आवाज एकेक पुस्तक, वाचणाऱ्याचं नाव, लांबी, सगळं ओळीनं सांगत गेला. "हे लिहिणारीला कुणीतरी डोळे मिटून चालायला लावलंय," ते म्हणाले.

मग त्यांनी एक पुस्तक लावलं, थोडं ऐकून बंद केलं, आणि कपाळाला आठी घातली. "बाई, मी होतो त्या पुस्तकावर परत यायला हवं होतं. हे मला पार दारात नेऊन सोडतंय. हजार पुस्तकं असली तर पुन्हा पहिल्यापासून मोजत यायचं?"

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

तपासणीचा पुढचा भाग मात्र मला जड गेला. उघड्या प्रकल्पाची परीक्षा कोडवर संपत नाही. लोकांनी आधी काय काय तक्रारी केल्या आणि प्रकल्पवाल्यांनी त्यांना कशी उत्तरं दिली, तेही वाचायचं असतं. ती सगळी जगासमोर उघडी पडलेली असतात. सोयरीक जमवताना मुलाकडचे मोलकरणीशी कसे बोलतात ते बघतात ना, तसंच हे.

फडताळवरच्या तक्रारी मी सलग वाचत बसले. ब्राझीलमधल्या एका मुलाला माणिकनं एकच गोष्ट चार वेगवेगळ्या तऱ्हांनी समजावली होती. पाचव्यांदा त्यानं तेच विचारलं तेव्हा लिहिलं होतं, "चूक तुझी नाही. मी नीट लिहिलेलं नाही. थांब, मी ते पानच बदलते." केनियातल्या एका बाईला तिनं मुलाच्या आजारपणाबद्दल विचारलं होतं. कुणा रागावलेल्या माणसाला, "तुम्ही दमला आहात असं वाटतं, उद्या बोलू," असं लिहिलं होतं.

दोन हजार अकरा साली मी माणिकला फोन करून एक गोष्ट विचारली होती. ब्राउझर एखादं पान मध्येच का अडवतो, असं काहीतरी. ती म्हणाली होती, "ताई, गूगलवर बघ ना, मी मीटिंगमध्ये आहे." त्यानंतर मी तिला कधी काही विचारलं नाही. दर रविवारी आम्ही फोनवर बोलायचो. गुडघे, रक्तदाब, मुलांच्या बदल्या. आणि हा ब्राझीलचा पोरगा पाच वेळा विचारतो आणि त्याला पाच वेळा उत्तर मिळतं.

"काय वाचतेस एवढं?" यशवंतनी विचारलं. माझे यजमान. त्यांचा आवाज भारदस्त. ग्रंथालयासाठी ते तेव्हा एक प्रवासवर्णन वाचत होते आणि दिवसभर घसा जपत फिरायचे.

"माणिकचं."

"चांगलं आहे?"

"चांगलं आहे," मी म्हटलं आणि उगीचच कुकर चढवायला उठले.

शेवटी तिन्ही प्रकल्पांना ग्रंथालयाच्या नावानं एकेक तक्रार पाठवली, ज्यात जी चूक सापडली तिची. घर भाड्यानं घेण्याआधी नळ सोडून बघतात, त्यातलाच प्रकार. हार्बरकडून यंत्रानं लिहिलेलं उत्तर आलं: तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. नंतर त्याच यंत्रानं ती बंद केली. लिंडनवाल्यांनी लिहिलं, उपाय माहीत असेल तर लिहून पाठवा, आम्ही बघू.

माणिकचं उत्तर सकाळचा चहा होण्याआधी हजर. "धन्यवाद. इतकी स्वच्छ तक्रार मला फार दिवसांनी वाचायला मिळाली. चूक माझी आहे. दुरुस्ती सोबत पाठवत आहे. तुमच्याकडे कीबोर्डवर चालवून कळवाल का?"

चालवून बघितली. दुरुस्ती बरोबर होती, पण अर्धवट. मी लिहिलं की ऐकून पूर्ण झालेलं पुस्तक आमच्या यादीतून निघून जातं. मग परतायचं ठिकाणच उरलं नाही तर माणसानं कुठं जायचं?

तिनं लिहिलं, "याचा मी विचारच केला नव्हता. शेजारच्या पुस्तकावर जावं, असं वाटतं. तुमचं काय मत?"

शेजारच्या म्हणजे वरच्या की खालच्या, मी विचारलं. त्यावर आमचं चांगलंच जुंपलं. ती खालच्या म्हणत होती, मी वरच्या. मी कारणं दिली, तिनं खोडली, मी पुन्हा दिली. शेवटी तिनं लिहिलं, "मान्य. वरच्या. गेल्या कित्येक वर्षांत माझा कोड कुणी इतका लक्ष देऊन वाचलेला नाही. तुमच्यासारखं माणूस मला आधी भेटलं असतं तर."

ते वाक्य वाचून मला झोंबलं. मिरची डोळ्यात जावी तसं. कोण ही ग्रंथालयातली, जिला माणिक असं लिहिते? मला आजवर कधी लिहिलं?

हे मी यशवंतना सांगितलं. ते घसा जपायचं विसरून हसले. "कुंदा, सवत बाहेरून येते असं ऐकलं होतं. तू स्वतःचीच सवत झालीस."

"हसू नका."

"मग सांगून टाक ना तिला की ती बाई तू आहेस."

"परीक्षा चालू आहे. उमेदवाराला घरी चहाला बोलवत नाहीत."

"आणि परीक्षा संपल्यावर?"

खरं म्हणजे मला वाट बघायची होती. रविवारी फोन येईल, आणि ती आपण होऊन सांगेल, ताई, कोल्हापूरच्या एका ग्रंथालयातलं कुणीतरी फार हुशार भेटलंय. तिनं त्या बाईची माझ्याजवळ स्तुती करावी, असं मला वाटत होतं आणि करू नये, असंही.

रविवारी फोन आला.

"गुडघे कसे आहेत?" मी विचारलं.

"जिना चढताना बोलतात. तुझं बीपी?"

"आहे ठीक. काय नवीन?"

"काही नाही गं. नेहमीचंच."

नेहमीचंच. मी फोन ठेवला आणि दुपारभर भांडी आदळली.

त्याच आठवड्यात दिगंबरांनी मला बोलावून घेतलं. "तुमच्या बहिणीचं पत्र आलंय ग्रंथालयाला. म्हणतात, मी मूळची तुमच्याच गावची, शनिवारी येऊन भेटले तर चालेल का? मी हो कळवलं. निकाल त्यांच्यासमोरच सांगू. हार्बर आणि लिंडनवाले काही येणार नाहीत, पण जी येते तिच्यापासून का लपवा?"

"मी तिथं नसले तर?"

"बाई, तपासलं कुणी?"

शनिवारी दुपारी माणिक आली. पायरीशी चपला काढल्या, केस पार पांढरे झालेले, तरी पूर्वीसारखीच चालताना थोडी डावीकडे कलत होती. मला टेबलापाशी बसलेली बघून तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "चहा झाला का ताई?" तिनं विचारलं, जणू मी तिथं असणार हे कुणी तिला पुण्यातच सांगून ठेवलं होतं.

दिगंबरांनी नमस्कार केला, खुर्ची दाखवली, चहा मागवला आणि माझ्याकडे तोंड वळवलं. "सांगा बाई."

मी चष्मा लावला. हार्बर बाद, लिंडन दुसरा. "फडताळ सोयीला सगळ्यांत पुढं आहे. कोड स्वच्छ आहे. चूक कळवली की दुरुस्त होते, आणि उत्तर माणूस देतो, यंत्र नाही. एका गोष्टीत मात्र फडताळ सगळ्यांत मागं आहे."

"कुठल्या?" दिगंबरांनी विचारलं.

"सांभाळणारं माणूस एकच आहे. उद्या तिला ताप आला, कंटाळा आला, काही बरंवाईट झालं, तर आपले वाचक कुणाच्या तोंडाकडे बघणार? त्यांची सगळी पुस्तकं एका बाईच्या तब्येतीवर टांगायची का? मी फडताळला नापास करते."

चहा आणणारी बाई कप ठेवायचे की नाही या विचारात उभी राहिली. मग दिगंबर हळूच म्हणाले, "या वेळी आवाज खाली गेला नाही."

माणिक माझ्याकडेच बघत होती. "बरोबर आहे," ती म्हणाली. "पण ताई, तक्रार अर्धीच झाली. नीट सांग की. काय व्हायला हवं होतं?"

मी तिच्याकडे बघितलं.

"सांग ना. काय व्हायला हवं होतं?"

"दोन माणसं असायला हवी होती," मी म्हटलं.

"आणि काय झालं?"

"एकच राहिलं."

"आणि तू काय केलंस?"

दिगंबरांनी आपला कप चाचपून उचलला आणि फार आवाज न करता पिऊ लागले.

"कधी ओळखलंस?" मी शेवटी विचारलं.

"पहिल्या ओळीला. जगात सगळी माणसं तक्रार करताना आधी आपण काय काय केलं याचं पुराण सांगतात. काय व्हायला हवं होतं, इथून सुरुवात करणारी एकच बाई मला माहीत आहे. आणि गाव कोल्हापूर."

"मग रविवारी फोनवर का बोलली नाहीस?"

"फोनवर तू मला गुडघे विचारतेस. तिथं तू माझ्याशी भांडत होतीस. मी सांगितलं असतं तर ते थांबलं असतं." तिनं पदराशी चाळा केला. "माझ्या एवढ्या चुका तू ग्रंथालयाच्या नावानं काढल्यास. माझी बहीण म्हणून एक तरी काढायची होतीस. मला वाटायचं, ताईनं माझं काही उघडूनसुद्धा बघितलेलं नाही."

"दोन हजार अकरामध्ये मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, गूगलवर बघ."

"तेव्हापासून धरून बसलीस?"

"माझी स्मरणशक्ती चांगली आहे."

"ताई, तू विचारलंस ते मला येत नव्हतं," माणिक म्हणाली. "मीटिंग-बिटिंग काही नव्हती. तुला, मला येत नाही म्हणून सांगायचं माझ्या जिवावर आलं. त्या दिवशी रात्रीपर्यंत मी तेच शोधत बसले होते. सापडलं तेव्हा वाटलं, आता फोन केला तर तुला कळेल."

दिगंबर म्हणाले, "मी बाहेर जाऊन येऊ का?"

"बसा हो," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

माणिकनं पिशवीतून लॅपटॉप काढला, उघडला आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवला. प्रकल्प सांभाळणाऱ्यांची नावं ज्या पानावर असतात ते पान होतं. तिथं तिचं एकटीचं नाव होतं.

"घाल तुझं," ती म्हणाली. "किल्ल्या देते. कुणाची दुरुस्ती घ्यायची, कुणाची नाही, तू ठरवायचं. मला विचारायची गरज नाही. मग पास कर."

"पास व्हावं म्हणून देतेस?"

"मग? इतक्या लांब तुझा चहा प्यायला आले?"

मी नाव लिहिलं. लिहून बटण दाबलं तर ते आपोआप तिच्या नावाच्या वर जाऊन बसलं.

"हे काय?" मी म्हटलं.

"वर्णक्रमानं लागतं. क आधी, म नंतर." माणिकनं चहाचा कप उचलला. "वरचा कप्पा तुझाच होता. मी पाटावर पाट ठेवून चढायचे, तू मुंबईला असताना. तुझी शाईची दौत मीच सांडली होती. मांजरानं नाही."

साइट पुढच्या गुढीपाडव्याला सुरू झाली. आज जिल्ह्याबाहेरचेच वाचक जास्त आहेत. दिगंबर दोन वर्षांपूर्वी ग्रंथालयाच्या कामातून मोकळे झाले. आता ते नुसते वाचक आहेत आणि सगळ्यांत जास्त तक्रारी त्यांच्याच येतात. हार्बर त्या कंपनीनं बंद करून टाकला. लिंडन छान चाललाय. ती यादीची उडी त्यांनी अजून काढलेली नाही. यशवंत दोन हजार एकवीसच्या एप्रिलात गेले. त्यांनी वाचलेलं प्रवासवर्णन साइटवर आहे. पुष्कळ जण ऐकतात. मी अजून लावलेलं नाही. त्यांच्या वरच्या पुस्तकापर्यंत जाते आणि परत येते.

माणिकनं तीनेक वर्षांत फडताळमधून हात काढून घेतला. मी नापास करताना म्हटलं होतं तसा तिला खरंच कंटाळा आला. आता बहात्तराव्या वर्षी ते मी आणि केनियातली ती बाई मिळून सांभाळतो. ब्राझीलचा तो मुलगा बाप झाला, तरी अजून विचारतोच, आणि मध्येच लिहितो, "माणिक हल्ली येत नाहीत का? त्या फार छान समजावायच्या." मी त्याला सहाव्यांदा समजावते.

माणिक पुण्यात एका भजनी मंडळात जाते. पेटी शिकते आहे. तिथं कुणी एक बाई तिला शिकवते, तिच्या चुका काढते, म्हणे फार कडक आहे. माणिक तिला ताई म्हणते. गेले चार रविवार मी फोनवर तिचं नाव ऐकते आहे. माझे गुडघे कसे आहेत, हे विचारून झालं की लगेच सुरू होतं, आमच्या ताई असं म्हणाल्या, आमच्या ताई तसं म्हणाल्या.

येत्या रविवारी बोलणार आहे. आधी काय व्हायला हवं होतं ते सांगेन, मग काय झालं ते.